दोन काउंटर, एकच खातं

2025-26 या वर्षापासून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाचा नियम कडक झाला. पहिल्या कॅप फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यायचंच, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. दुसऱ्या फेरीत हीच सक्ती पहिल्या तीन पसंत्यांना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. ‘आधी टाकून ठेवू, मग बघू’ हा जुना उपाय आता चालत नाही. एक नंबरला काय लिहायचं ते फॉर्म भरायच्या आधीच ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला अख्खं घर बसतं.

कृष्णाकाठी अशी घरं पुष्कळ. त्यातल्याच कराडच्या एका घरात मुलीचे मामा साताऱ्याहून आले होते आणि आत्या सांगलीहून. मामांचं पोवई नाक्याजवळ सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. बारावीनंतर टायपिंगच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर पाहिला, पुस्तकावरून व्हिज्युअल बेसिक शिकले आणि कोरेगाव, खटाव भागातल्या दूध संकलन केंद्रांना बिलाचे प्रोग्रॅम लिहून देऊ लागले. डिग्री नाही. आत्या सांगलीत एका अभियांत्रिकी कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकवतात. मुलीनं कॉम्प्युटरला जायचं याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं. कॉम्प्युटर शिकायला चार वर्षांची डिग्री लागते का, इथं गाडी अडली होती.

“ताई, रागावू नका,” मामांनी सुरुवात केली, “पण माझ्याकडं शेवटच्या वर्षाची पोरं इंटर्नशिपला येतात. साधा प्रोग्रॅम लिही म्हटलं की पहिल्या ओळीत कॉनिओ डॉट एच. म्हणजे टर्बो सी, तो निळा पडदा. 1987 सालचं ते. आताच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून चालवायचं. पोरं विचारतात, सर, इथं एफ नऊ दाबून कंपाइल का होत नाही? चार वर्षं लाखांनी खर्च करून हे शिकायचं?”

“टर्बो सीचं तुमचं म्हणणं खरं आहे,” आत्या म्हणाल्या. “काही कॉलेजांत ते अजून आहे, आणि ते बंद व्हायला हवं. जर्नलचं त्याहून वाईट. प्रोग्रॅम हातानं उतरवायचा, आउटपुट शेजाऱ्याच्या फाइलमधून उतरवायचं, सही घ्यायची, सबमिशन झालं. यातून कुणी काही शिकत नाही, हे शिकवणाऱ्यांनाही माहीत आहे.”

मामांना इतक्या लवकर होकार अपेक्षित नव्हता. ते काही बोलणार तोच आत्यांनी पुढं धरलं.

“पण दादा, आमच्याकडं दोन तऱ्हेचं जुनं आहे. टर्बो सी हे जुनं हत्यार, ते टाकून द्यावं. दुसरं जुनं बघा. तुमच्या प्रोग्रॅममागं डेटाबेस आहे ना? तक्ते, किल्ल्या, दोन तक्ते जोडणं? ते सगळं एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या माणसानं 1970 मध्ये एका निबंधात मांडलं. मोबाइलवर रस्ता शोधता, त्याच्या मुळाशी डाइक्स्ट्राची रीत आहे, 1959 मध्ये छापून आलेली. पन्नास-साठ वर्षांत यंत्रं किती बदलली, पण हे तसंच आहे. डिग्रीत शिकायचं ते हे. पोरांना वाटतं, आपल्याला भाषा शिकवायला कॉलेज आहे. भाषा सहा महिन्यांत येते.”

आत्यांचा हा भेद महत्त्वाचा आहे. अभ्यासक्रम जुना झाला, ही तक्रार सगळीकडं ऐकू येते. बहुतेक वेळा ती बरोबरही असते. पण नेमकं काय जुनं झालं हे सांगितलं जात नाही, आणि मग बाजारात चालणाऱ्या नव्या साधनांची नावं विषयांच्या यादीत घुसवली की सुधारणा झाली असं समजलं जातं. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचे तास कमी करून त्या जागी एखाद्या कंपनीच्या साधनाचा कोर्स आणणं हे पुढं जाणं नव्हे. तीन वर्षांनी ते साधन गेलेलं असतं आणि गणितही आलेलं नसतं.

“पुस्तकं आणि निबंध राहू देत,” मामा म्हणाले. “आपल्या सातारा जिल्ह्यातलाच माणूस घ्या. कैलाश काटकर. दहावीनंतर शाळा सुटली, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर लागले. दुरुस्ती करता करता कॉम्प्युटरपर्यंत पोचले आणि क्विक हील उभं केलं. 2016 ला कंपनी शेअर बाजारात गेली. डिग्री कुठं होती?”

“भावाकडं होती,” आत्या म्हणाल्या.

मुलगी हसली. मामा हसले नाहीत, कारण गोष्ट खरी आहे. कैलाश काटकरांनी दुकान चालवलं, गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखलं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडतात आणि त्यावर औषध हवं, हे त्यांना धंद्यातून कळलं. ते औषध लिहिलं धाकट्या भावानं, संजय काटकरांनी. ते पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. व्हायरस काढायचा तर यंत्र सुरू होताना डिस्कच्या कोणत्या भागातून काय वाचलं जातं, मेमरीत काय कुठं बसतं, हे आतून ठाऊक असावं लागतं. मोठ्या भावाकडं तो अभ्यास नव्हता आणि धाकट्याकडं ते दुकान नव्हतं. डिग्रीविरुद्ध बोलणारे या गोष्टीतला एक भाऊ सांगतात आणि डिग्रीच्या बाजूचे दुसरा. दोघांपैकी एकाला वगळलं तर कंपनीच उरत नाही.

“आणि एक सांगते,” आत्या म्हणाल्या, “संजय काटकर इंजिनिअरिंग कॉलेजात नव्हते, साध्या सायन्स कॉलेजात होते. म्हणून मी बीसीएसला कमी मानत नाही. आपल्याकडं इंजिनिअरिंग नाही मिळालं तर बीसीएस, असं रडत रडत जातात पोरं. साताऱ्यात, सांगलीत बीसीएसचे चांगले वर्ग आहेत. शिकवणारा चांगला असेल तर तीन वर्षांत पाया होतो.”

“मग मी तेच म्हणतोय! घरातनं ये-जा, तीन वर्षं, उरलेला वेळ माझ्या दुकानात.”

“दुकानात काय शिकेल ते सांगा.”

इथं मामा खुर्चीत पुढं सरकले. संभाषणात त्यांचं हक्काचं मैदान आलं होतं.

दूध संकलन केंद्राचं काम बाहेरून सोपं दिसतं. शेतकरी पहाटे किटली घेऊन येतो. दूध काट्यावर मोजलं जातं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ निघतं. दरपत्रकातून दर उचलायचा. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून वरखाली. सभासद नंबर, सकाळ की संध्याकाळ, लिटर, दर, रक्कम अशी पावती छापायची आणि दहा दिवसांनी बिल काढायचं. काटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला वायरीनं जोडलेली असतात, आणि मशीन दर कंपनीचं वेगळं. कुठलं मशीन आकडा कसा पाठवतं हे शोधायला मामांनी रात्री घालवल्या आहेत.

“पहिल्या पहिल्यांदा एका डेअरीत असं झालं,” मामा सांगू लागले. “प्रत्येक पावती बरोबर. सभासदाचं बिल बरोबर. पण दहा दिवसांची एकूण बेरीज काढली की काही पैशांचा, कधी रुपयाचा फरक. सेक्रेटरी म्हणाले, रुपयासाठी कोण बघतंय? मी म्हटलं, रुपयाचा असो की हजाराचा, हिशेब लागत नाही म्हणजे लागत नाही. सगळी रात्र बसलो. शेवटी सगळ्या रकमा पैशांत केल्या. बारा रुपये चाळीस पैसे नाहीत, बाराशे चाळीस पैसे. पूर्ण आकडे. बेरीज लागली. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं?”

“चांगला मार्ग काढलात,” आत्या मनापासून म्हणाल्या. “पण चूक कशामुळं होत होती, ते कळलं का?”

“दशांशात काहीतरी गडबड होती.”

आत्यांनी फॉर्मच्या मागचा कोरा भाग ओढला. रक्कम ठेवायला मामांनी ‘सिंगल’ नावाचा प्रकार वापरला होता. त्यात आकड्याच्या अंकांसाठी चोवीस बिट मिळतात. रक्कम लहान असेल तोवर रुपयांना थोडे बिट पुरतात आणि पैशांसाठी पुष्कळ उरतात. रक्कम 1,31,072 रुपयांवर गेली, म्हणजे दोनाचा सतरावा घात ओलांडला, की रुपयांनाच अठरा बिट लागतात. पैशांसाठी उरले सहा. सहा बिटांत रुपयाचे चौसष्ट भाग होतात, म्हणजे एकेक भाग दीड पैशाहून मोठा. “तिथून पुढं तुमच्या प्रोग्रॅमला एक पैसा दिसतच नव्हता. पावती शंभर-दोनशेची, सभासदाचं बिल काही हजारांचं, म्हणून ती जुळत होती. एकूण बेरीज लाखांत, म्हणून ती चुकत होती.”

मामा कागदाकडं बघत राहिले. इतकी वर्षं जी गडबड ‘दशांशातली’ होती तिला नेमकी जागा आणि नेमका आकडा मिळाला होता.

“आणि दादा, व्हिज्युअल बेसिकमध्येच ‘करन्सी’ नावाचा प्रकार होता, पैशांच्या हिशेबासाठीच केलेला. तो आतून पूर्णांकच ठेवतो, तुम्ही रात्रभर बसून केलं तेच.”

“म्हणजे माझी रात्र वाया गेली?”

“नाही. ती रात्र तुम्ही विसरणार नाही, माझ्या वर्गातली पोरं मात्र हा भाग परीक्षेनंतर विसरतात. मी फळ्यावर बिट मांडते, ती उतरवून घेतात. डेअरीत बेरीज चुकलेली त्यांनी पाहिलेली नसते. पण तुम्हाला एक चूक सापडली आणि त्या एका चुकीचं औषध मिळालं. त्याच घराण्यातली दुसरी चूक वेगळ्या तोंडवळ्यानं आली तर ओळखाल का?”

मग त्यांनी विचारलं, त्या डेअरीत काउंटर किती. दोन, मामा म्हणाले. गायीचं दूध एकाला, म्हशीचं दुसऱ्याला. दोन्ही कॉम्प्युटर एकाच डेटाबेसला जोडलेले.

“आणि एकाच सभासदाकडं गाय पण आहे, म्हैस पण आहे. तो गायीची किटली इथं देतो, बायको म्हशीची तिथं देते. एकाच वेळी. त्याच्या खात्यावर समजा 1,840 रुपये आहेत. गायीच्या काउंटरनं ते वाचले. त्याच क्षणी म्हशीच्या काउंटरनंही वाचले. यानं 210 मिळवून 2,050 लिहिले. त्यानं 365 मिळवून 2,205 लिहिले. जो शेवटी लिहील त्याचं राहतं. खात्यावर 2,205. असायला हवे होते 2,415. पावत्या दोन्ही बरोबर छापल्या. गायीच्या दुधाचे 210 रुपये गेले.”

मामा काही वेळानं म्हणाले, “असं होतं. वर्षातनं चार-दोन वेळा सभासद पावत्या घेऊन भांडायला येतो. आम्ही पावत्या बघून दुरुस्ती करतो. सेक्रेटरींना सांगितलंय, एकाच नंबराच्या दोन एंट्र्या एकदम मारू नका.”

“जो पावत्या जपून ठेवत नाही त्याचं काय?”

यावर मामांकडं उत्तर नव्हतं. या सगळ्या चर्चेत डिग्रीचं मोल सगळ्यात स्पष्ट दिसतं ते इथं. दोन कामं एकाच वेळी एकाच माहितीला हात घालतात तेव्हा काय होतं, हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विषय. त्याची शिस्त लावण्याच्या रीती 1960 च्या दशकातच लिहिल्या गेल्या. बँकेचं एटीएम, रेल्वेचं आरक्षण, परीक्षेचा निकाल, सगळं त्यावर चालतं. हा विषय न शिकलेला माणूस हुशार असला तरी त्याला अशी चूक दिसत नाही, कारण ती रोज होत नाही, मागून शोधायला गेलं तर पुन्हा करून दाखवता येत नाही, आणि जिचे पैसे जातात ती बाई पहाटे चारला उठून धार काढणारी असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या अज्ञानाची किंमत तो स्वतः भरत नाही. डिग्री हवी की नको या वादात हा मुद्दा कुणी काढत नाही, तो काढला पाहिजे.

इतका वेळ ऐकत बसलेली मुलगी म्हणाली, “पण मामा, खात्यावर एकूण रक्कम लिहून ठेवायचीच कशाला? पावत्या आहेतच ना. बिल काढताना पावत्याच मोजायच्या. मग कोण शेवटी लिहितंय याला अर्थच राहणार नाही.”

आत्यांनी तिच्याकडं अशी नजर टाकली की शब्दांची गरज उरली नाही. मामांनी मात्र लगेच हार मानली नाही. “तेव्हाच्या मशीनला हजार सभासदांच्या दहा दिवसांच्या पावत्या मोजायला किती वेळ लागायचा माहितीये का? लोक रांगेत उभे. म्हणून बेरीज तयार ठेवायची.” हेही खरंच. डिग्रीच्या पुस्तकात ‘रांगेत उभे लोक’ नसतात. आता मशीन बदलली, नीट इंडेक्स लावला तर तेवढ्या पावत्या क्षणात मोजून होतात, आणि मुलीचा मार्ग आज चालेल. पण मामांनी तेव्हा जे केलं त्यामागं अडचण होती, आळस नव्हता.

मामांचा पुढचा मुद्दा ताजा होता.

“बरं, हे सगळं आता एआय सांगतंय की. माझ्या दुकानातल्या पोरानं एका दुपारी अख्खी स्क्रीन करून दाखवली. आणि कंपन्यांचं बघा. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं जाहीर केलं, बारा हजारांवर माणसं कमी करणार. टीसीएस! आपल्याकडं पोरगं टीसीएसला लागलं की पेढे वाटत होते. आणि नव्या पोराला पगार किती? साडेतीन लाखाच्या आसपास. दहा-बारा वर्षांपूर्वीही जवळजवळ तेवढाच होता. हिंजवडीचं खोलीभाडं मात्र तिथं थांबलेलं नाही.”

पगाराचं आत्यांनी मान्य केलं. नोकरकपातीत कंपनीनं मधल्या आणि वरच्या पायरीची माणसं सांगितली होती, नवी पोरं नव्हेत, एवढं त्यांनी दुरुस्त केलं, पण त्यावर रेंगाळल्या नाहीत. एआयवर मात्र त्या ठाम होत्या.

“मघाचं दोन काउंटरचं विचारलंत तर एआय बरोबर उत्तर देईल. मी वर्गात विचारून पाहिलंय. पण ते विचारायला हवं, हे कुणाला सुचणार? ‘दूध डेअरीचा प्रोग्रॅम लिहून दे’ एवढंच सांगितलं तर काउंटर दोन आहेत, सभासदाकडं गाय-म्हैस दोन्ही आहे, हे त्याला कुठून कळणार? आणि लिहून दिलेलं बरोबर की चूक, हे तपासणारा माणूस जास्त शिकलेला लागेल, कमी नव्हे. पूर्वी नवा पोरगा साधा कोड लिहीत लिहीत शिकायचा. ते साधं काम आता यंत्र करणार. म्हणजे पहिली पायरी गेली, पोरांना दुसरीवरनं सुरुवात करावी लागणार. मला काळजी त्याची आहे.”

“म्हणजे तुमच्या डिग्रीलाही धोका आहेच.”

“आहे. आमच्याकडून वेगळाच धोका आहे. 2024 पासून एआयसीटीईनं एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा उठवली. सुविधा दाखवा, जागा वाढवा. मग काय, सिव्हिल-मेकॅनिकल आकसलं आणि कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा नावांच्या तुकड्या वाढल्या. शिकवणारे आणायचे कुठून? जो चांगला आहे तो पुण्याला नोकरीला जातो. वर्गात पोरं वाढली की व्हायवा दोन मिनिटांचा होतो. दोन मिनिटांत काय कळतं?”

शिकवणारी व्यक्ती हे बोलते तेव्हा ते गंभीरपणे घ्यायला हवं. पदवीचा दर्जा विषयांच्या यादीवर ठरत नाही. वीस पोरांच्या बॅचला प्रयोगशाळेत चूक शोधायला कुणी मदत करतं का, यावर ठरतो. जागा वाढवायची परवानगी मिळते त्या कागदावर ही गोष्ट दिसत नाही.

पैशांचा मुद्दा लवकर निकालात निघाला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. कॅपमधून प्रवेश हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. हे घर त्यात बसत होतं. उरला होस्टेल-मेसचा खर्च. “भाच्याला लागू नाही, भाचीला आहे,” आत्या म्हणाल्या. “सरकारनं फी भरायची तयारी दाखवली असताना आपण तिला घरात बसून मोबाइलवर कोर्स कर म्हणायचं?”

“घरात बस असं मी म्हणालो नाही.”

“तुम्ही नाही म्हणालात. पण डिग्री नसलेल्या मुलाला दुकान काढता येतं, गावोगाव मोटारसायकलवर फिरता येतं, रात्र डेअरीत काढता येते. डिग्री नसलेल्या मुलीला दोन वर्षांत काय विचारतात, ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.”

मामा गप्प झाले. त्यांच्या बहिणीचं, मुलीच्या आईचं, बारावीनंतर काय झालं हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

कागदाची गोष्टही याच ओघात आली. मामा म्हणाले, बी.ई. झालेली पोरं पुन्हा सी-डॅकचा सहा महिन्यांचा कोर्स करतात, मग चार वर्षं केलं काय? आत्या म्हणाल्या, त्या कोर्सला बसायला आधी डिग्री लागते. दोघांचंही बरोबर होतं. ज्याचा काका-मामा पुण्याच्या कंपनीत नाही त्या साताऱ्या-सांगलीच्या मुलाला दारातून आत सोडतो तो कागदच. शहरातल्या ओळखीपाळखीच्या घरांतून ‘डिग्रीला काही अर्थ नाही’ असं जे सहज म्हटलं जातं, ते इथं जसंच्या तसं घेता येत नाही.

मग मामांनी भाऊराव पाटलांचं नाव काढलं, आणि चर्चेला वेगळीच खोली आली.

“ताई, अण्णांनी स्वतः कुठं डिग्री घेतली होती? किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. 1919 ला आपल्या या कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. 1959 ला पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. पोरांना शिकवलं ते कमवा आणि शिका म्हणत. खडी फोडा, शेतात राबा आणि वर्गात बसा. तुमच्या कॉम्प्युटरच्या डिग्रीत ते ‘कमवा’ कुठं आहे? चार वर्षांत पोरगं एकदाही खऱ्या गिऱ्हाइकासमोर उभं राहत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुण्यातनं विकत आणतात.”

आत्यांनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, “साताऱ्यात अण्णांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 1947 साली. त्याच वर्षी सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेच आजचं वालचंद. एकाच वर्षी, एकाच कृष्णेच्या खोऱ्यात. तुमच्याकडं राबून शिकायचं आणि आमच्याकडं शास्त्र शिकायचं. मला वाटतं, ही दोन कॉलेजं एकमेकांशी पुरेशी बोलली नाहीत. माझ्या पोरांनी डेअरीचा हिशेब कधी पाहिला नाही. तुम्हाला बिट कुणी दाखवले नाहीत.”

यातून निघणारी गोष्ट फार अवघड नाही. साखर कारखान्यांची ऊस नोंद, सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, तासगावच्या द्राक्षबागांच्या फवारणीच्या नोंदी, पतसंस्थांची खाती, दूध संघ. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला लागणारे सगळे अवघड प्रश्न या दोन जिल्ह्यांत खरे होऊन पडले आहेत. तरीही इथल्या प्रोजेक्टची शीर्षकं वाचली तर लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट यांच्यापुढं गाडी जात नाही. वालचंदला 2007 पासून स्वायत्तता आहे, इतरही काही कॉलेजांना ती मिळाली आहे. विद्यापीठाच्या परवानगीची वाट न बघता विषय आणि मूल्यमापन बदलता येतं. हिंजवडीला माणसं पुरवणं एवढंच काम इथल्या कॉलेजांनी स्वतःकडं ठेवू नये. एका सत्राचे गुण एका खऱ्या डेअरीच्या दुरुस्त झालेल्या हिशेबाला दिले, तर आत्यांचा विषय आणि मामांचा अनुभव एकाच वहीत येईल.

मुलीनं फॉर्म पुढं ओढला तेव्हा तिचे प्रश्न दोघांच्याही वादातले नव्हते. लॅब पाचनंतर उघडी असते का? मुलींच्या होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं? मुलांना लॅबमध्ये रात्री नऊपर्यंत बसू देतात आणि मुलींना सात वाजता होस्टेलात हजेरी, असं असेल तर रोजचे दोन तास गेले. चार वर्षांत किती होतील, हे तिनं मोजून ठेवलं होतं. आत्यांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. “आमच्याकडं हे असंच आहे,” त्या म्हणाल्या. “मी बोलले आहे. पुन्हा बोलेन.”

एक नंबरला सांगलीचं वालचंद, कॉम्प्युटर. दोन नंबरला कराडचं शासकीय, 1960 सालचं, माहिती तंत्रज्ञान, म्हणजे घरातूनच जाता येईल. मामांनी हे दोन उलटे लिहायला सुचवलं, घर जवळ आणि साताराही तासाभरावर म्हणून. मुलगी म्हणाली, पहिल्याला लागलं तर घ्यावंच लागेल, म्हणून मला खरंच हवं तेच पहिलं लिहिते. तीन नंबरवरून पुन्हा थोडं झालं. शेवटी बीसीएससाठी साताऱ्याचा अर्जही वेगळा भरून ठेवायचा, यावर मामा राजी झाले.

“आणि दिवाळीच्या सुट्टीत दुकानात यायचं,” मामा म्हणाले.

“येईन. पण दोन काउंटरचं दुरुस्त करायला. मला त्याचा सगळा कोड लागेल.”

“कोड माझ्या जुन्या मशीनमध्ये आहे. एकाच ठिकाणी. मशीन चालतंय अजून.”

“दुसरी कॉपी नाही?” आत्यांनी विचारलं. मामांनी नकारार्थी मान हलवली, तशी त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून त्यांच्यापुढं ठेवला. मुलीनं आत्यांना आणखी एक काम दिलं, खात्याचा तक्ता आणि पावत्यांचा तक्ता कसा जोडायचा त्याची आकृती काढून पाठवायची. मामांनी डेअरीच्या सेक्रेटरींना फोन लावला आणि मागच्या दोन वर्षांत किती सभासद पावत्या घेऊन भांडायला आले, ते रजिस्टरमध्ये बघून ठेवायला सांगितलं.